पोटाचे पाचपैकी पाच

आमच्या मुलाचं, महेंद्रचं लग्न झालं, ते २००२ साल. विहिरीचं पाणी पिऊन निम्मं वऱ्हाड आजारी पडलं. माझी बायको चांगुणा तर अंथरूणच धरून बसली. पुढच्याच आठवड्यात दौंडच्या कचेरीतून पाणी-समाधान पाहणीचे फॉर्म आले. शंभरापैकी पन्नासच्या आत समाधान भरेल त्या गावाला पाणी शुद्ध करायची टाकी मिळणार होती.

फॉर्मवर वीस वाक्यं होती. पूर्ण पटलं तर पाच गुण, मुळीच नाही तर एक. पाच वाक्यं पाण्याच्या स्तुतीची, पंधरा निंदेची. मी साठाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेला. वस्तीचे सगळे फॉर्म मीच भरले. ‘पाणी प्यायल्यावर पोट बिघडतं’ यापुढे चांगुणेचे पाच लिहिले. सगळ्यांच्याच निंदेपुढे पाच, स्तुतीपुढे एक.

कचेरीतल्या संगणकानं निंदेच्या पंधरा वाक्यांपुढे उणे चिन्ह टाकलं. ही वाक्यं उलटी आहेत, यांचे गुण उलटे धरा, एवढंच त्याचं म्हणणं. परंतु अहवालात उणे दिसलं की वरून विचारणा होते. सबब चिन्हं काढून बेरीज करण्यात आली. आम्हाला ऐंशी गुण पडले. नदीपलीकडच्या गावात पोटं ठणठणीत, त्यामुळे त्यांना चाळीसच. टाकी त्यांना गेली.

मी कचेरीत गेलो. “साहेब, पोट बिघडतंय म्हनून पाच लिवलेत.”

“मग आबा, पाचच धरलेत. एकही कापला नाही.”

घरी चांगुणा म्हणाली, “आवं, बिघडल्याला गुन देत्यात, तर बिघडत न्हाई म्हना की! समद्याला एक लिवा.”

“खोटं व्हईल गं.”

“पोट तर खरं हाय न्हवं?”

दुसऱ्या वर्षी अख्ख्या वस्तीनं वीसही ठिकाणी एक लिहिला. पण साहेब नवे आले होते, पुण्यात शिकलेले. त्यांनी उणे चिन्हाचा मान राखला. निंदेच्या प्रत्येक एकाचे पाच केले. बेरीज पुन्हा ऐंशी. ‘समाधानात सातत्य’ असा शेरा आणि अभिनंदनाचं पत्र आलं.

“साहेब, आमी खोटं लिवलं व्हतं,” मी सांगितलं.

“हळू बोला, आबा. खोट्या माहितीवर कारवाई होते.”

अहवालात आमच्या गावाची पोटं अजून ठणठणीत आहेत. असे अहवाल पेपरात येतात तेव्हा तुम्ही गावाचं नाव वाचता, आकडा वाचता आणि पान उलटता.

चांगुणा १९ ऑगस्ट २००४ रोजी हगवणीनं गेली. तिच्या फॉर्मवर ‘पोट बिघडतं’ यापुढे एक आहे. अक्षर माझं आहे.