माझ्या मेडिकलचे वस्ताद

आमच्या थोरल्या काकांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत: तालमीतली आणि वाया गेलेली. आठवीत असताना मी "डॉक्टर व्हायचंय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझं पांघरूण ओढलं.

"ऊठ शालन. मेडिकलचा अर्ज भरायचा हाय न्हवं?"

"काका, अजून मॅट्रिक व्हायचंय!"

"मग? लढतीच्या आदल्या दिवशी बैठका मारतंय व्हय कुणी?"

काका वस्ताद. पण तालमीतली पोरं एकेक करून नोकरीला लागली होती, आणि घडवायला मी एकटीच हाती लागले. रोज पहाटे तालमीच्या ओसरीवर बसवून ते माझा अभ्यास घेत. मीही काही साधी नव्हते. डॉक्टर कशाला व्हायचं, तर साडीवर स्टेथोस्कोप शोभेल म्हणून. आरशासमोर "जीभ दाखवा" म्हणण्याची तयारी तेवढी पक्की होती.

मग खुराक सुरू झाला. म्हशी उभ्या करून समोरच धार काढतात त्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध, वर बदामाची थंडाई. "मेंदूबी अंगातच असतोय की," ते म्हणत. गणितात मार्क वाढेनात. पोलकी मात्र दर दिवाळीला उसवून सैल करावी लागत.

एकदा 'समोरच्याचे डाव बघायला' त्यांनी मला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं.

"काय होतंय?" डॉक्टर म्हणाले.

"कायबी न्हाय. पोरगी मेडिकलला जाणार हाय. आमी बघतो, तुमचं चालू द्या."

डॉक्टर कुणाचं तरी गळू फोडत होते. मी पाहिलं आणि धाडकन पडले. शुद्धीवर आले, तर काका डॉक्टरांनाच समजावत होते, "कुशीवर पडलीया. पाठ टेकली न्हाय. ह्याला हार म्हनत न्हाईत."

इंटर सायन्सचा निकाल लागला. अर्ज करावा एवढेही मार्क नव्हते. "आजी, तू डॉक्टर का नाही झालीस?" असं नात विचारते, तेव्हा मी म्हणते, पेशंटांचं नशीब थोर!

खरं सांगते, मला सुटल्यासारखंच वाटलं. आता सकाळी मनसोक्त लोळायचं! मी ऐटीत तालमीत गेले. "काका, मेडिकल गेलं. मी बीए करते."

वाटलं, ओरडतील. त्यांनी मार्कही विचारले नाहीत. ओसरीवर बसून नुसते मिशीवरून हात फिरवत राहिले.

"मग," खाली बघतच म्हणाले, "उद्यापासनं तू हिकडं येनार न्हाईस व्हय?"

माझी ऐट कुठल्या कुठे गेली.

"येणार की! बीएला काय कमी ताकद लागतीय व्हय?"

काकांनी मिशीला पीळ दिला.

"मग आज लौकर नीज."