सफाळ्याची गिटार आणि गेटवरचे पागधरेकाका

गेल्या गणपतीच्या आदल्या रविवारी, सकाळी दुकान नुकतंच उघडलेलं असताना, बोईसर स्टेशनजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात अनंत पागधरे या निवृत्त माणसाला चारचौघांत ‘दलाल’ म्हणून बाहेर काढण्यात आलं. मी तिथे होतो. आमच्या ग्राहक मंडळाच्या वतीने तिथल्या तिथे निषेध नोंदवला. पण मला खटकलं ते दुसरंच. रिक्षावाल्यापासून कंपनीच्या साहेबापर्यंत कोणाचंही ऐकून न घेणारे काका त्या शब्दावर काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि चालू लागले.

निर्दोष माणूस इतका गप्प बसत नाही. मला संशय आला.

काका मूळचे शिरगावचे. त्यांची उभी नोकरी तारापूरच्या एका कापड कंपनीच्या गेटवर, पाळी सुटलेल्या कामगारांची झडती घेण्यात गेली. नोकरी सुटली, हाताची सवय सुटली नाही. लग्नात वरबापाला मिठी मारतात तेव्हा दोन्ही हात काखेपासून कमरेपर्यंत चाचपत खाली येतात. सत्यनारायणाला आलेल्या भटजींची पिशवी यांच्या उंबऱ्यावर उघडली जाते, पूजेआधी आणि पूजेनंतरही. “वरून समदं चकचकीत आसतं. पोटात काय हाय ते बगा,” हे वाक्य ते पुढाऱ्याला लावतात आणि नव्या प्रेशर कुकरलाही. पापलेट कल्ल्यापाशी दाबून पांढरं दूध आलं तरच घेतात, कोळीण कितीही ओळखीची असो.

“अनंतदादा, बायको पन अशीच दाबून आनलीत काय?” ती विचारते.

“नाय. तिनं मला बगून घेतला. म्हनून तर ती फसली.”

अशा माणसाचा आणि गिटारीचा काय संबंध? परदेशी माल खुला झाल्यापासून बोईसरच्या दुकानांत बाहेरच्या गिटारी टांगलेल्या दिसू लागल्या. चकचकीत, आणि इथल्या हातानं बनवलेल्या गिटारीपेक्षा चक्क स्वस्त. आमचं मंडळ यावर पत्रक काढणार होतं. देशी आहे म्हणून ग्राहकाने जास्त पैसे का द्यायचे? भावनेपोटी? आमचा भावनेवर विश्वास नाही.

काका दर रविवारी दुकानात हजर. सूर कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. तरी तारांच्या फटीतून बोटं घालणार, भोकात बॅटरी मारणार, नाक लावून हुंगणार आणि गिऱ्हाइकाला बाजूला घेणार. “पोटात प्लायवूड हाय. पावसात फुगंल. सफाळ्याला जा, पूर्वेला एक पोरगा हातानं करतो. महाग देतो, पन त्याचीच घ्या.” मग आवाज उतरवून, “माजं नाव नका सांगू.”

दलाल तर नाव आधी सांगतो. हा कसला दलाल?

मित्राची बाहेरची गिटार उसनी घेतली आणि सफाळ्याला उतरलो. नेल्सन नावाचा मूळ वसईचा तरुण, घरामागची पत्र्याची शेड, सगळीकडे भुसा. मोर्च्यातली गाणी वाजवण्यापुरती गिटार मलाही येते. दोन्ही वाजवल्या. खरं तेच लिहितो, बाहेरची वाईट नाही. तारा बोटाखाली पटकन दबतात. नेल्सनच्या गिटारीने माझी बोटं सोलली. पण खालचा सूर लावला की तो छातीला टेकलेल्या लाकडातून अंगात शिरतो. शिवाय मित्राच्या गिटारीची तारा धरणारी पट्टी पावसाने उचलली होती, ती नेल्सनने काही न घेता बसवून दिली.

“नवशिक्याला हीच ठेवा,” तो म्हणाला. “टिकला तर येईल माझ्याकडे.”

गिऱ्हाईक परत पाठवणारा विक्रेता. संशय वाढला.

निघताना त्याची बायको रंजना चहाचे कप उचलायला आली. तिने माझ्याकडच्या गिटारीचं कव्हर उघडलं, आत हात फिरवला. “बगते हां, पोटात काय आमचं ऱ्हायलं नाय ना.”

मी विचारलं, “तुमचे वडील गेटवर होते का हो? शिरगावचे?”

तिचा हात कव्हरमध्येच राहिला. “होते. लग्नापासून बोलत नायत.”

“मग गिऱ्हाईक कुठून येतं?”

“तेच कळत नाही,” नेल्सन म्हणाला. “बहुतेक बोईसरचे. कोणी पाठवलं विचारलं तर म्हणतात, असंच कळलं.”

“चर्चवालेच पाठवत असतील,” रंजना म्हणाली. “माज्या माहेरचं कोन इकडं तोंड करून झोपत पन नाय.”

एकाच बाजूचं ऐकून मी कधी पत्रक काढलेलं नाही. तसाच शिरगावला गेलो. काकांनी दारातच माझे खिसे चाचपले आणि एकातून चिमूटभर भुसा काढला. हुंगला.

“सफाळ्याला गेलेलास.”

“दलाली काय मिळते, काका?”

“तुला संशय हाय?”

“आहे.”

“आसूंदे.” बोटांत भुसा चोळला. मग म्हणाले, “तिला चष्मा लागला काय रं? तिच्या आईला लवकर लागलेला.”

“लागलाय. तुम्ही जात का नाही?”

“जाऊन काय म्हनू? तो मागनी घालाया आला तवा दारात उभा करून त्याला बोललो, तुज्या पोटात काय हाय ते मला ठाव हाय. मला कायबी ठाव नव्हतं. आता त्याच्या गिटारीच्या पोटात बगून ठाव झालं. कंच्या तोंडानं सांगू?” आणि लगेच, गेटवरच्या आवाजात, “माजं नाव सांगायचं नाय.”

मी भुशाकडे हात केला. त्यांनी तो आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकला. झडतीत सापडलेला माल परत मिळत नसतो म्हणे.

तेव्हा पत्रकाऐवजी हे लिहितोय. नाव सांगायची मनाई मला आहे, तुम्हाला नाही. गिटार घ्यायची असो वा नसो, सफाळ्याला उतरा. बाहेरची घेतली असेल आणि तिची पट्टी उखडली असेल तर तीच घेऊन जा. रंजना कव्हर चाचपेल, चाचपू द्या. मग ती विचारेल, कोणी पाठवलं. ‘असंच कळलं’ म्हणू नका. शिरगावच्या अनंत पागधऱ्यांनी पाठवलं, असं तिच्या तोंडावर सांगा.