मेजर पिंजऱ्यात

मेजरांच्या घरी संडासाच्या दाराला कडी नाही. तशी ती पुढच्या दाराला नाही, मागच्याला नाही, कपाटालाही नाही. पण पाहुण्यांची पंचाईत होते ती संडासाशी. आत गेलेल्या माणसाने मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे बाहेरचा दार ढकलत नाही, असा घरचा नियम आहे. मेजर स्वतः आतून परेडच्या ऑर्डरी देतात. मी शेजारी असल्यामुळे वरचेवर जाणं होतं. मी पाढे म्हणतो. एकोणतीसच्या पाढ्याला माझी गाडी अडते, त्यामुळे मी त्याआधीच आटोपतं घेतो.

"एक कडी बसवून घ्या की," मी एकदा वैतागून म्हटलं.

"कडी बाहेरच्याला थांबवती का आतल्याला, ते आधी सांगा राव," मेजर म्हणाले. मला घाई होती. मी पाढे म्हणत आत शिरलो.

खरं म्हणजे ते मेजर नाहीतच. लेफ्टनंट कर्नल होऊन ते निवृत्त झाले. पण आमच्या निरगुडसरात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई आला तरी मेजर, स्वयंपाकी आला तरी मेजर. हे कर्नल होऊन आले, तर गावाने त्यांनाही रांगेत बसवलं. "शत्रूला जमलं न्हाई ते गावानं केलं. माझं डिमोशन!" असं ते येईल त्याला सांगतात आणि खूश होऊन हसतात.

एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर ते शत्रूच्या हाती सापडले आणि निसटून परत आले. त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. ते चक्र भिंतीवर आहे, पण त्यामागची हकिकत त्यांच्याकडून काढणं महाकठीण. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा त्यांना मुलांसमोर उभं केलं आणि अर्धा तास बोला म्हणून विनवलं. मेजर माइकसमोर गेले. "पूल धरला, गोळी लागली, पकडलं, पळालो, आलो. अभ्यास करा. जय हिंद." माइकवाला अजून वायर जोडत होता.

बोलत नाहीत, पण सवयी सगळं बोलतात. कुठेही गेले की त्यांचा पहिला प्रश्न, "निघायचा रस्ता कुठाय?" जुन्नरला लग्नाला गेलो, तर हे आधी कार्यालयाच्या भटारखान्यात शिरले आणि मागचं दार उघडून-लावून बघू लागले. आचाऱ्याला वाटलं, वरपक्षाचं कुणी मठ्ठ्याची चव बघायला आलं. त्याने वाटीभर दिला. मेजर तो पिऊन "रस्ता क्लिअर आहे" म्हणाले. आचारी बिचारा मठ्ठ्यात मीठ कमी पडलं का ते बघत बसला.

लेण्याद्रीला तर कमालच झाली. एवढ्या पायऱ्या धापा टाकत चढले आणि दाराशीच थांबले. डोंगरात कोरलेलं लेणं, त्याला मागचं दार कुठून असणार? त्यांनी बाहेरूनच हात जोडले. तिथे आपल्याला गणपतीची पाठ दिसते असं सगळे सांगतात, तसं मीही त्यांना सांगितलं.

"बघा," मेजर म्हणाले, "तो बी पल्याडनं निघायच्या तयारीत हाये."

तर असा हा माणूस. आणि हा माणूस मागच्या हिवाळ्यात वनखात्याच्या पिंजऱ्यात अडकला.

आमच्याकडे उसात बिबटे आहेत, हे आता नवीन राहिलेलं नाही. मेजरांच्या उसाच्या बांधावर एक वारंवार दिसू लागला, तेव्हा वनखात्याने तिथे पिंजरा लावला. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी बांधतात. मध्ये जाळी असते, त्यामुळे बिबट्या तिला खाऊ शकत नाही. बिबट्या आत आला, फळीवर पाय पडला, की मागे दार धाडकन खाली येतं, आणि ते फक्त बाहेरूनच उचलता येतं. पिंजरा दिसू नये म्हणून तिन्ही बाजूंनी उसाचं पाचट लावलेलं होतं. उघडं होतं ते फक्त पुढचं दार.

संध्याकाळी मी मोटर बंद करायला शेतात गेलो, तर पाचटातून आवाज आला, "भाऊ! ओ भाऊ! इकडं या. दबकत या."

वाकून बघतो, तर आत मेजर. मांडी घालून बसलेले, हातात सुबाभळीची फांदी, आणि जाळीतून शेळी पाला ओढून खातेय.

मला जे हसू फुटलं, ते आवरेना. शत्रूच्या तावडीतून निसटलेला वीर आमच्या बांधावर बिबट्याच्या जागी! मी कसंबसं दार वर उचललं, खाली काठी लावली आणि म्हटलं, "चला, निघा."

मेजर हलले नाहीत. तेव्हा मी नीट पाहिलं. त्यांनी एका हाताने जाळी घट्ट धरली होती आणि थंडीतही कपाळावर घाम होता. माझं हसू तिथेच संपलं. त्यांना धरून आणायला मी आत शिरलो. काठी सटकली. दार धाडकन खाली आलं.

नशिबाने माझा मोबाईल खिशात होता. मी वनरक्षकाला फोन लावला.

"बिबट्या घावला का?" त्याने उत्साहाने विचारलं.

"नाही. मेजर सापडलेत."

"आरं तिच्यायला! आन् तुमी कुठनं बोलताय?"

"आतूनच."

पलीकडे बराच वेळ नुसतंच हसू ऐकू आलं. मग तो म्हणाला, की येतोय, पण घोडेगावच्या पुढे आहे, तोवर हलू नका. आम्ही कुठे हलणार होतो?

"घाबरू नका," मी मेजरांना म्हणालो. "बिबट्या बाहेर, आपण आत. अख्ख्या तालुक्यात आज आपल्याइतकं सेफ कुणी नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी जाळीतून बोट घालून शेळीचं कपाळ खाजवलं. मग कुणी न विचारता बोलू लागले.

"मला ठिवलं व्हतं ना, त्या खोलीमागं अशीच एक बांधलेली व्हती. कापायला आणलेली. रात्रभर वरडायची. मी बी आतनं वरडायचो."

"म्हणजे?"

"ब्यँऽऽ," मेजरांनी करून दाखवलं. आमच्या शेळीने कान टवकारले. "दुसरं बोलायला व्हतं कोण? एक दिवस पहाटं लई धुकं पडलं. पहारेकरी चहाला गेला, कडी नुसती अडकवलेली, दार हलवलं तशी निघाली. त्याची चादर घेतली, त्या शेळीला सोडली आन् निघालो. शेळी हाकणाऱ्याला कोण अडवतंय? आपण शेतकऱ्याचं पोर, शेळी राखायला आपल्याला शिकवावं लागतं व्हय? वाटेत चौकी लागली. शिपायानं तिच्या पाठीवर थाप मारली आन् मला म्हणला, जा."

मी आ वासून ऐकत होतो. भिंतीवरचं वीरचक्र आणि शेळी यांची मला काही केल्या सांगड घालता येईना.

"मग ती कुठाय?"

फांदीवरचा पाला संपला होता, तरी मेजर ती धरून होते.

"हद्दीपाशी सुरुंग पेरलेले. तिला न्यावी तर तिचा पाय पडंल, न्हाईतर वरडून मला धरून देईल. सोडली तर माझ्या मागनं येणार. लई माया लावली व्हती तिनं. म्हणून झाडाला बांधली. आन् सरपटत निघालो. ती वरडत व्हती, भाऊ. आपल्या चौकीवर पोचलो, तितं बी मला आवाज येत व्हता."

"कुणीतरी नेली असेल की घरी," मी म्हणालो.

"आसंच म्हणतो मी बी. रोज म्हणतो." त्यांनी शेळीकडे पाहिलं. "ही मरायची न्हाई, मला ठाव हाये. मधी जाळी हाये. पर बांधून एकटीच ठिवायची म्हंजे... म्हणून जरा बसायला आलतो."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी या माणसाच्या नुसत्या गमती जमवल्या आणि चारचौघांत खपवल्या होत्या.

वनरक्षक आला, तेव्हा दिवस मावळत होता. हसत हसतच त्याने दार उचललं आणि आमचा फोटो काढायला मोबाईल काढला. मेजरांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की मोबाईल परत खिशात गेला.

"मागला कप्पा उघड," मेजर म्हणाले.

"मेजर, शेळीच न्हाई म्हणल्यावर बिबट्या कशाला येईल?"

"उघड म्हणतो ना."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. वनरक्षकाने मुकाट्याने कुलूप काढलं. उद्या काहीतरी वेगळी सोय करू, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

मेजरांनी दोरी हातात घेतली आणि आम्ही बांधावरून निघालो. शेळी बिचकत होती, सारखी थांबत होती. मेजर वाकून हळूच तिच्या कानाशी म्हणाले, "चल पुत्तर, चल. डर ना."

मी सांगणार होतो, की मेजर, ही आपल्या निरगुडसरची शेळी आहे, हिला पंजाबी कसं कळणार? पण नाही सांगितलं. ते घरापर्यंत तिच्याशी तसंच बोलत राहिले, आणि मी जरा मागूनच चालत राहिलो.