ही ओल माझी आहे

धाकटीने बेडरूमच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा नवरा बाहेर पेपर वाचत बसला होता.

"काय सांडलं गं?"

"सांडलं नाही, ओतलंय."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. धाकटी चार बहिणींत शेवटची, म्हणून पन्नाशी उलटली तरी धाकटीच. पाण्याने खराब झालेली घरं वाळवून पूर्ववत करायच्या प्रशिक्षणाला तिने नाव घातलं, तेव्हा तिन्ही बहिणी पोट धरधरून हसल्या होत्या. वर्गात ती एकटीच बाई. सरावाच्या खोलीत पाणी सोडलं की मास्तर यंत्रं पुरुषांच्या हाती द्यायचा आणि हिला म्हणायचा, "बाई, तुम्ही जरा फरशी पुसून घ्या." परीक्षा तोंडावर आली, तरी हिचा हात यंत्राला लागला नव्हता. शेवटी प्रशिक्षण केंद्रातून तिने भांडून यंत्रं घरी आणली. आता वाळवायला ओल तर हवी!

पण ओतलेलं पाणी भिंतीच्या कडेने गडप झालं. थारोळं काही साचेना. धाकटीने दुसरी बादली ओतली. तीही गडप.

पाणी कुठे गेलं ते दारावरच्या घंटेने सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई दारात उभ्या होत्या. केसांतून पाणी निथळत होतं.

"माझ्या पलंगावर धार लागलीय! वर काय विहीर खणताय का?"

"पाइप फुटला असेल हो," नवरा हात जोडत म्हणाला.

"पाइप ठणठणीत आहे," धाकटी म्हणाली. "मी ओतलं. वाळवूनही मीच देणार."

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"काही गरज नाही! मी जाणकार माणूस बोलावलाय," हेडबाई कडाडल्या.

जाणकार माणूस आला तो साक्षात मास्तर! हेडबाईंच्या खोलीत शिरला आणि यंत्रं घेऊन आधीच खाली पोचलेल्या धाकटीला पाहून थबकला.

"तुम्ही इथे? हे कुणी केलं?"

"मी. सरावासाठी."

"अहो, सरावाला केंद्रात खोली आहे!"

"तिथे मी पुसण्याचा सराव केला. भरपूर झाला."

मास्तरने पंखा उचलायला हात पुढे केला. धाकटी आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाही. ही ओल माझी आहे."

"बुरशी धरली तर परीक्षेला बसू देणार नाही!"

"धरली तर मीच बसणार नाही."

झालं, जुंपली. धाकटीने पंखे लावले, हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावलं आणि ऐटीत खिडक्या सताड उघडल्या. मास्तर खोकला. बाहेरची दमट हवा आत येतेय हे तिच्या ध्यानात आलं. "कळलं मला, खोकू नका," म्हणत तिने खिडक्या धाडधाड लावून घेतल्या.

पुढचे काही दिवस यंत्रं घोंघावत होती. यंत्रात जमलेलं पाणी नवरा मुकाट्याने नेऊन ओतत होता. हेडबाई आधी दाराशी खुर्ची टाकून पहारा देत बसल्या. मग त्यांना प्रश्न पडू लागले. मग त्यांनी ओल मोजायचं छोटं यंत्र मागून घेतलं आणि घरभर भिंतींना लावत हिंडू लागल्या. "अगं, इथे ये लवकर! स्वयंपाकघरातही सापडली!" मोरीमागची ती ओल जुनीच होती. दोघींनी मिळून तीही वाळवली.

मास्तर तपासायला आला. छताला, भिंतींना, कोपऱ्यांना यंत्र लावून पाहिलं. एखादी तरी ओली जागा सापडावी म्हणून शिडीवर चढला, पलंगाखाली वाकला. सापडेना. अखेर यंत्र टेबलावर ठेवून तो पुटपुटला, "परीक्षेला या. यंत्रावर तुम्हीच."

"ते मला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"आणि पुढच्या तुकडीत माझं नाव घाला," हेडबाई म्हणाल्या.

मास्तर दचकला. "बाई, या वयात? हे तसं... पुरुषांचं..."

दोघी एकदमच त्याच्याकडे वळल्या. मास्तरने दाराकडे पाहिलं, तर दारात नवरा उभा. तोही बाजूला सरकायचं नाव घेईना.

हेडबाईंनी टेबलावरचं यंत्र शांतपणे उचललं, मास्तरच्या कपाळाला लावलं आणि आकडा नीट पाहत धाकटीला म्हणाल्या, "इथे बरीच ओल आहे गं. आण पंखा."