मालतीताईंचा ढीग

मालतीताई कुणाकडेही गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरून केराची बादली उपसायच्या. "अगं, कोबीचा दांडा फेकलास? काळीज आहे की दगड?" म्हणत सगळं स्वतःच्या पिशवीत भरायच्या. चहा नंतर.

सत्तर सालच्या आसपास कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत आम्ही काही मराठी बायका शनिवारी भजनाला जमायचो. सगळ्याच नवऱ्यांच्या बदल्यांमागून आलेल्या. मालतीताईंनी एक दिवस आमचे टाळ खाली ठेवायला लावले आणि हातात फावडी दिली. "खत करायचंय. गरम खत!"

शेजारच्या बंगाली दीपालीदी माशांचे खवले घेऊन आल्या, तेव्हा आमच्यातल्या सबनीसवहिनींनी नाकाला पदर लावला.

"ढिगाला सोवळं नसतं," ताई म्हणाल्या.

शेण, वाळका पाला, तळ्यातली जलपर्णी असे थर आम्ही रचले. मी फावड्याने थापायला लागले तर ताई ओरडल्या, "भाकरी आहे का ती? श्वास घेऊ दे त्याला!"

पहिला ढीग तापलाच नाही, नुसता घाण मारू लागला. वसाहतीत तक्रारी झाल्या. "पाणी फार झालं," म्हणत ताईंनी तो सगळा उपसला, पेंढा मिसळला आणि आमच्याकडून पुन्हा रचून घेतला.

मग थंडीतल्या एका सकाळी दीपालीदी बादली घेऊन धावत आल्या. "दीदी, आग!" ढिगातून धूर निघत होता.

"खबरदार पाणी ओताल तर! वाफ आहे ती." ताईंनी माझं मनगट धरलं आणि हात कोपरापर्यंत आत खुपसला. मी किंचाळून बाहेर ओढला. आत चूल नाही, निखारा नाही. आमचाच केर, आणि हात ठेववेना! सबनीसवहिनींनी तर नमस्कारच केला.

काही आठवड्यांनी ताईंच्या यजमानांची बदली झाली. निघायच्या सकाळी त्या ढिगापाशीच उभ्या होत्या.

"तिकडेही लावाल ना?" मी विचारलं.

"पूर्वी आंबे लावायचे गं. जाईन त्या गावी. एकाचाही मोहोर पाहिला नाही. म्हटलं, लवकर होणारं काहीतरी धरावं." त्या हसल्या. "तर हेही तुमच्यावरच सोडून चालले."

दीपालीदींना मराठी कळत नव्हती. त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फावडं उचललं आणि ढीग मधोमध उकरला. आत काळीभोर, भुसभुशीत माती झाली होती.

ताईंनी ती ओंजळीत घेतली. फाटकाशी हावड्याला जायची टॅक्सी भोंगा वाजवत होती, यजमान हाका मारत होते.

"आले हो," त्या म्हणाल्या. "जरा बघू तर द्या."