कारेगावात अडकलेला पदर

ऐक तर. मधे बोलू नकोस, माझी लिंक तुटते. वडगाव रासाईचा हनुमंत माहितीये ना, त्यानं दोन हजार पाच साली जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी आईला, म्हणजे बयाबाईंना, शेजारी बसवून कारेगावला मुलगी बघायला निघाला. आधी तीन स्थळांनी नकार दिलेला, त्यामुळे हे जमलंच पाहिजे होतं. मुलीच्या दारात गाडी लावली आणि रुबाबात आपल्याकडचं बटण दाबून त्यानं आईच्या बाजूची काच वर घेतली. काच वर गेली, पण जाताना नव्या साडीचा पदरही घेऊन गेली. मग तो बटण खाली दाबतोय, वर दाबतोय, मोटर नुसती कण्हतेय. दार उघडलं तर दाराबरोबर आईच बाहेर ओढली जायला लागली.

"आई, पदर सोड आन् उतर."

"डोक्यावरचा पदर सोडू? व्याह्याच्या दारात? येडा का काय तू."

"मंग ब्लेडनं जरासा कापू का?"

"काप की. आन् पोरगी पण तूच एकटा बघ."

तेवढ्यात मुलीचे वडील मल्हारीमामा बाहेर आले. ते विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायचे. "मोटारच हाय नव्हं? सरका," म्हणाले आणि डॅशबोर्डखाली हात घालून वायरी हलवल्या. काच जागेवरच. वायपर मात्र सुरू झाले, ते काही थांबेनात. पाय धुवायला पाणी आणलं, तर पाहुणीचे पाय गाडीत. शेवटी पोह्यांची बशीही गाडीतच दिली. बयाबाईंनी ताठ मानेनं, कारण मान वळतच नव्हती, कार्यक्रम तिथंच सुरू केला. मुलगी चहा घेऊन गाडीपाशी आली.

"नाव काय गं?"

"प्रतिभा."

"काय करतीस?"

"कंपनीत हाय. गाडीच्या दरवाज्यात काचंच्या मोटारी बसवती."

बयाबाईंचे नुसते डोळे तिच्याकडं वळले. वायपर तेवढे चालू.

"मंग मगापासनं बोलली का न्हाईस?"

"पोरीनं आधी बोलू नये म्हणत्यात," असं म्हणून प्रतिभानं चहाचा ट्रे बापाच्या हातात दिला. हनुमंताला म्हणाली, "तुम्ही बटण खाली दाबून धरा. मी सांगंस्तवर सोडू नका." दार जरा उघडून तिनं काचेला आतून-बाहेरून तळहात लावले आणि दाबून खाली ओढली. काच सरकली, पदर सुटला. बयाबाईंनी आधी पदर डोक्यावर नीट घेतला, मगच उतरल्या.

त्यांना मुलगी तिथल्या तिथं पसंत. पण मल्हारीमामा म्हणाले, "घरात इचारून कळवतो." आठ दिवस झाले, निरोप नाही. मग हनुमंत रविवारी एकटाच कारेगावला. "मामा, काच परत अडकली." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी प्रतिभा सरळ त्याच्या सीटवर बसली आणि बटण दाबलं. काच खाली. वर. पुन्हा खाली. अगदी लोण्यासारखी.

मल्हारीमामा दारातच उभे. "पाव्हणं, काच तर ब्येस चालतीया. मंग आलाव कशापायी?"

प्रतिभाचं बोट बटणावरच थांबलेलं. ती समोर बघतेय, पण कान इकडंच.

आता तूच सांग, हनुमंताच्या जागी तू असतास तर काय बोलला असतास?