नलूचे रोडगे

देवळीजवळच्या त्या गावात पाहुण्यांसाठी नानाजींनी पाटीवर तीनच नियम लिहिले होते. प्लास्टिक आणायचं नाही. ताटात अन्न टाकलं, तर तासभर गावासाठी राबायचं. आणि गावासाठी जो राबेल, त्याला गाव जेवू घालेल.

जबाबदार पर्यटनाचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही, ते ठरवायला प्रभाकरराव नागपूरहून आले. ते मिळालं तरच शाळांच्या सहली येणार आणि नानाजींची सून नलू व तिच्या गटातल्या बारा बायांना रांधायचं काम मिळणार.

"सायबाले काही कमी पडू देऊ नको," नानाजींनी बजावलं.

प्रभाकररावांनी गोवऱ्यांवर भाजलेले दोन जाडजूड रोडगे, वांग्याची भाजी, वरण, सगळं संपवून ताट लख्ख केलं. ताट रिकामं म्हणजे पाहुणा अर्धपोटी! नलूनं आणखी दोन वाढले.

"बाई, पुरे हो!"

"दोनच त झाले जी! आमचे मामाजी सत्तरीत पाच खाते."

प्रभाकररावांनी पाटीकडे पाहिलं आणि खाल्ले. ताट पुन्हा रिकामं. नलू पुन्हा हजर.

सहाव्याला त्यांनी पट्टा सैल केला. आठव्याला त्यांचे डोळे पांढरे झाले. नानाजी हबकले.

"नलू, मानूस मारतं का वं?"

"ताट रिकामं दिसून राह्यलं, त मी का करू? कमी पडू देऊ नको, तुमीच म्हनलं ना, मामाजी?"

शेवटी प्रभाकरराव अर्धा रोडगा तसाच टाकून उठले. "मी राबतो. कुठं खणायचं, सांगा!"

नानाजींच्या पायाखालची जमीन सरकली. तपासणीचा सायेब खताच्या खड्ड्यात, पांढऱ्या शर्टात, हातात फावडं! अख्खं गाव तोंडावर हात ठेवून बघत होतं. गेलं प्रमाणपत्र.

तासाभरानं प्रभाकरराव हातपाय धुऊन आले. चेहरा मात्र हसरा. "नानाजी, सायबालाही नियम लावणारं गाव मी पहिल्यांदा पाहिलं. आणा तो प्रमाणपत्राचा कागद."

नानाजी कागद घेऊन धावत आले, तोवर नलूनं पाट मांडला होता. ताटात चार गरम रोडगे.

"हे काय?" प्रभाकररावांचा आवाज चिरकला.

"तिसरा नियम, सायेब. राबले ना तुमी?"

त्यांनी पाटी पुन्हा वाचली. घाईघाईनं सही केली, खाली शेरा मारला आणि मुकाट्यानं पाटावर बसले.

नानाजींनी शेरा वाचला : 'गाव नियमांना पक्कं आहे. पुढच्या तपासणीला अधिकारी उपाशी पाठवावा.'